चाळीतला च, दऱ्यांतला ऱ

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्सोव्याच्या कोळी बोलीचा शब्दसंग्रह तयार होतोय. प्रत्येक नोंदीत देवनागरी शब्द, शेजारी आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उच्चार आणि मग अर्थ. घरच्या लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं. प्रेसमध्ये गेलं की उच्चाराच्या रकान्यात चौकोन उमटतात, आणि तिथून आलेल्या पीडीएफमध्ये ‘डोळा’ शोधला तर सापडत नाही. वर फॉन्ट करून देणारा मुलगा विचारतो, ‘या अक्षराचं नाव काय ठेवू?’ ळ ला भाषाशास्त्रवाले मूर्धन्य पार्श्विक म्हणतात, युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या तक्त्यात एल-एल-ए लिहिलंय आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये तिसरंच काही दिसतं. खरं नाव कोणतं? आणि ‘चाळ’ आणि ‘चाळीस’ यांतल्या दोन वेगळ्या च साठी दोन अक्षरं का नाहीत?

ताई, मी गिरगावातल्या एका छापखान्यात उमेदवारी केली तेव्हा खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे ठसे, जुळवण्याचे दिवस संपत आले होते, पण एक म्हातारे जुळारी अजून कामावर होते. खिळ्यांच्या पेटीकडे न बघता त्यांचा हात बरोबर खणात जायचा. खिळ्यावर नाव नसतं. खणाची जागा पक्की असते. शेजारच्याकडून मागायचा झाला तरच नाव लागायचं: ‘पायमोडका त दे रे’, ‘रफार संपले’. एका छापखान्यातलं नाव दुसऱ्यात चालेलच असं नव्हतं, आणि त्याने कुणाचं अडतही नव्हतं. तुमच्या प्रश्नातला निम्मा गुंता इथेच सुटतो. अक्षराचा नंबर म्हणजे खण, फॉन्टमधली आकृती म्हणजे खिळा, आणि नाव म्हणजे हाक मारायची सोय. संग्रह टिकवायचा असेल तर खण बरोबर हवा. हाक चुकली तर निभावतं, एक अपवाद सोडून. त्याच्याकडे येतोच.

ळ चा खण यु+०९३३. हे आकडे सोळाच्या हिशेबात असतात, म्हणजे ९ नंतर ए, बी, सी असं एफपर्यंत जायचं आणि मग पुढचं घर. हा तक्ता युनिकोडने स्वतः रचलेला नाही. आपल्याकडच्या इस्की या प्रमाणाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून तो घेतला. इस्कीत भारतीय लिप्यांची मांडणी एकसारखी होती, एकाच आवाजाला सगळीकडे एकच जागा. त्यामुळे आजही देवनागरी ळ ०९३३ वर, गुजराती ०एबी३ वर, तमिळ ०बीबी३ वर आणि कन्नड ०सीबी३ वर बसलेला दिसेल. चारही ठिकाणी नाव एल-एल-ए. म्हणून ते नाव मराठी माणसाला परकं वाटतं. ते ळ साठी ठेवलेलं नाही, त्या खणासाठी ठेवलंय. पद्धत अशी की दंत्य, म्हणजे जीभ दाताला लावून म्हटलेलं अक्षर एकेरी आणि मूर्धन्य, म्हणजे जीभ टाळूकडे वळवून म्हटलेलं, दुहेरी. त म्हणजे टी-ए, ट म्हणजे टी-टी-ए. न एकेरी, ण दुहेरी. तुमच्या संग्रहात ‘पाणी’चं ‘पानी’ होतं, तेव्हा नावातला एक एन गळतो असं म्हणा हवं तर.

पण या नावांवर फार विसंबू नका. दुहेरी म्हणजे मूर्धन्य हे सूत्र ऱ पाशी मोडतं. त्याचं नाव आर-आर-ए असलं तरी तो खण दक्षिणेकडच्या कडक र साठी ठेवलेला आहे आणि तो आवाज मूर्धन्य नाही. हिंदी ‘लड़का’मधल्या ड़ चं अधिकृत नाव डी-डी-डी-एच-ए आहे. त्यात एच कुठून आला? ड़ मध्ये हकार नाही. आणि कन्नडच्या तक्त्यात ०सीडीई या खणाला ‘एफ-ए’ नाव आहे, तिथे प्रत्यक्षात जुन्या कन्नडमधलं, तमिळ ‘ழ’च्या जातीचं अक्षर बसलंय. ही चूक दुरुस्त होणार नाही, कारण एकदा दिलेलं नाव कधीच बदलायचं नाही असा युनिकोडचा नियम आहे. फार तर शेजारी ‘उपनाव’ जोडतात, तसं त्या कन्नड अक्षराला जोडलंय. ऐकायला हा हट्टीपणा वाटतो. पण हजारो प्रोग्रॅममध्ये ते नाव लिहिलं गेलेलं असताना ते बदलणं म्हणजे गल्लीचं नाव बदलून पोस्टमनला न सांगणं.

आता फॉन्टच्या आतली नावं. फॉन्टमध्ये प्रत्येक आकृतीला, ग्लिफला, एक नाव असतं. ते युनिकोडच्या नावापेक्षा वेगळं, कारण एका अक्षराच्या अनेक आकृत्या असू शकतात आणि कित्येक आकृत्यांना स्वतःचा खणच नसतो. अर्धा श, रफार, क्ष, ‘द्य’ची जोडणी यांना युनिकोडमध्ये वेगळा नंबर नाही, पण फॉन्टात ती काढावीच लागतात. ‘ग्लिफ्स’सारख्या फॉन्ट घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ळ ला ‘एलएलए-देवा’ अशा धर्तीचं वाचायला सोपं नाव असतं. फॉन्ट बाहेर काढताना त्याचं ‘युनि०९३३’ होतं. ॲडोबीच्या नियमानुसार नावात रोमन अक्षरं, आकडे, बिंदू आणि खालची रेघ एवढंच चालतं, लांबी ६३ च्या आत. जोडाक्षर असेल तर घटकांची नावं खालच्या रेघेने जोडायची, पर्यायी आकृती असेल तर बिंदूनंतर शेपूट लावायचं. मराठी ल आणि हिंदी ल यांचा खण एकच, ०९३२. दोन्ही आकृत्या एका फॉन्टात असतील तर मराठीच्या नावाला तसं शेपूट असतं, आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली असेल तरच ती पुढे येते. शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ल आणि श ची मराठी वळणं ठरवून दिली आहेत. ती हवी असतील तर मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘हिंदी’ राहिलेली नाही ना, एवढं बघायचं. त्यासाठी वेगळा ल टाइप करण्याच्या फंदात पडू नका.

मघाशी म्हटलेला अपवाद इथे आहे. पहिल्या फॉन्टात मी दऱ्यांतल्या अर्ध्या ऱ ला, म्हणजे त्या आडव्या पापणीला, एक घरगुती नाव ठेवलं होतं. दिसायला सगळं चोख. त्या फॉन्टात एक भटकंतीचं पुस्तक छापलं गेलं, पीडीएफ वाचकांपर्यंत गेली, आणि कुणीतरी त्यातला परिच्छेद कॉपी करून मला पाठवला. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ची ‘सह्याद्रीच्या दया’ झाली होती. पीडीएफमधून मजकूर उचलताना वाचक-सॉफ्टवेअर आधी आकृतीवरून अक्षराकडे नेणारा तक्ता शोधतं. तो नसेल किंवा अपुरा असेल तर ग्लिफच्या नावावरून अंदाज बांधतं. माझ्या घरगुती नावाचा अर्थ त्याला लागला नाही, त्याने ती आकृती सरळ गाळली. नाव ‘युनि०९३१’, खालची रेघ, ‘युनि०९४डी’ असं ठेवलं असतं तर ऱ आणि हलन्त दोन्ही परत मिळाले असते. तेव्हा तुमच्या मुलाला सांगा: काम करताना हवं ते सोपं नाव वापर, पण बाहेर पडणाऱ्या फाइलमध्ये नंबरावरून बनलेलंच नाव जाऊ दे.

दऱ्या हा शब्द जरा जवळून बघू, कारण तुमच्या डेटात ही गडबड असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. बरोबर लिहिला तर तो पाच नंबरांचा आहे: द ०९२६, ऱ ०९३१, हलन्त ०९४डी, य ०९२एफ, काना ०९३ई. पण तीच पापणी आणखी एका वाटेने उमटते: साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा जोडक २००डी, आणि य. ही जुनी वाट आहे, युनिकोडने जुन्या मजकुरासाठी ती चालू ठेवलीय. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. तिसरी वाट म्हणजे र खाली नुक्ता, म्हणजे खालचं टिंब, देऊन हलन्त. ती निरुपद्रवी, कारण र अधिक नुक्ता आणि ऱ एकच असं युनिकोडनेच मान्य केलंय आणि मजकुराचं प्रमाणीकरण केलं की दोन्ही एका रूपात येतात. जोडकवाली वाट प्रमाणीकरणाने सुधारत नाही. ती शोधून बदलावी लागते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून रोमन ‘जे’ची कळ दाबली की ऱ येतो. तीच सवय सगळ्यांना लावा. नाहीतर आचाऱ्यांना आणि आचार्यांना वेगळं ठेवायची जबाबदारी कोणाच्या तरी फोनवर सोडल्यासारखं होईल.

‘डोळा’ न सापडण्याचं कारण बहुधा याहून जुनं आहे. पीडीएफमधला तो शब्द उचलून नोटपॅडमध्ये टाकून पाहा. रोमन अक्षरं आणि विचित्र चिन्हं आली, तर प्रेसने तुमचा मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टात बदलून घेतलाय. त्या फॉन्टांत जेमतेम २५६ घरं, आणि त्यांतल्या रोमन अक्षरांच्या घरांत मराठीचे तुकडे बसवलेले: कुठे काना, कुठे अर्धा म, कुठे ळ. कागदावर ळ दिसतो, संगणकाच्या लेखी तिथे भलतंच रोमन चिन्ह आहे. तुमच्या ध्वनिलिपीचे चौकोनही तिथलेच. त्या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरला युनिकोडचा मजकूर झेपत नाही. प्रेसवाल्यांवर रागावू नका, मुंबईतल्या कित्येक छापखान्यांचं वर्षानुवर्षांचं काम त्याच फॉन्टांत पडलंय. पण या कामासाठी युनिकोडमध्येच मांडणी करणारा माणूस शोधा. मांडणीसाठी इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असतील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडायला सांगा, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतील आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसेल. आणि पीडीएफ कितीही चांगली झाली तरी शोधण्यासाठी मूळ तक्ता वेगळा जपा. देवनागरीत दिसण्याचा आणि लिहिण्याचा क्रम वेगळा असल्याने पीडीएफमधला शोध अधूनमधून दगा देतोच.

आता ध्वनिलिपीचा रकाना. इथे सगळा धोका जुळ्या भावंडांचा. आपल्या ‘अ’साठीचा तो उलटा ई, श्वा, याचा खण ०२५९. अगदी तसाच दिसणारा दुसरा ०१डीडी वर आहे, त्याचं नाव ‘उलटवलेला ई’, आणि तिसरा सिरिलिक लिपीतला, ०४डी९. पहिले दोन वेगळे का? त्यांची मोठी अक्षरं वेगळी आहेत, म्हणून. ध्वनिलिपीत फक्त ०२५९ चालतो. ग चा एकमजली जी ०२६१ वर आहे, साधा जी ००६७ वर. ध्वनिलिपीला दोन्ही मान्य आहेत, पण तुम्ही एकच धरा, नाहीतर ‘ग’चे शब्द शोधताना अर्धेच हाती येतील. दीर्घत्वाची खूण म्हणजे दोन छोटे त्रिकोण, ०२डी०. तिथे कोलन देऊ नका. मराठीत आपण हेच विसर्गाच्या बाबतीत करतो: ‘दुःख’ मध्ये विसर्ग ०९०३ हवा, बहुतेक जण कोलन ठोकून मोकळे होतात. मग शब्द मधूनच तुटतो, शुद्धलेखन तपासणारा ‘दु’ला चूक ठरवतो. मी प्रुफं तपासताना आधी कोलनच शोधतो.

ळ चं ध्वनिचिन्ह म्हणजे उजवीकडे वळलेल्या शेपटीचा एल, ०२६डी. इथेही नावांची गंमत बघा. ट, ण आणि ळ यांच्या चिन्हांच्या युनिकोड नावांत ‘मूर्धन्य आकडा’ आहे, ड च्या नावात नुसती ‘शेपटी’, आणि ष च्या नावात नुसता ‘आकडा’. नावाने शोधायला गेलात तर ड आणि ष हाती लागणार नाहीत. म्हणून ध्वनिलिपीच्या संस्थेने १९८९ च्या कील परिषदेच्या सुमारास चिन्हांना स्वतःचे तीन आकडी क्रमांक दिले ते मला आवडतात: श्वा ३२२, ळ १५६. फोनवरून ऑपरेटरला सांगताना ‘शेपटीचा एल’पेक्षा ‘एकशे छप्पन्न’ बरं पडतं. आणि साध्या ई-मेलमध्ये ही चिन्हं मोडत असतील तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जॉन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेली एक्स-साम्पा पद्धत आहे. त्यात श्वा म्हणजे ‘ॲट’ची खूण आणि ळ म्हणजे एलपुढे उलटी टिचकी. छापायला कुरूप, पण कुठल्याही मशीनवर शाबूत राहते.

फॉन्टचं म्हणाल तर या रकान्यासाठी एसआयएल या भाषांवर काम करणाऱ्या संस्थेचे चॅरिस किंवा डूलॉस घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि अख्खी ध्वनिलिपी त्यांत आहे. देवनागरीसाठी मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्यांचा ‘मुक्ता’ चालेल. मंगलही चालतो. तो मुंबईकर सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला आणि विंडोज २००० पासून मराठी लोकांनी पहिल्यांदा युनिकोड पाहिलं ते बरेचदा त्याच्यातच. पण पुस्तकाच्या पानाला तो मला रुक्ष वाटतो. एक पथ्य मात्र पाळा: उच्चार तिरप्या अक्षरांत छापू नका. तिरप्या अक्षरात दुमजली ए चा एकमजली होतो, आणि ध्वनिलिपीत तो वेगळा स्वर आहे.

चाळीवर येऊ. ‘चाळ’ आणि ‘चाळीस’, ‘जग’ आणि ‘जगन्नाथ’. बोलताना कुणी मराठी माणूस चुकत नाही आणि लिहिताना फरक दाखवत नाही. युनिकोड लिहिलेली अक्षरं मोजतं, आवाज मोजत नाही. शतकानुशतकं आपण दोन्हींसाठी एकच च लिहीत आलो, म्हणून खणही एकच, ०९१ए. ज चं तसंच. कोशात फरक दाखवायचा तर च खाली नुक्ता देण्याची वाट आहे. नुक्ता ०९३सी व्यंजनाला लागूनच, काना-मात्रेच्या आधी यायला हवा. ‘चा’ लिहून मग नुक्ता दिलात तर टिंबांचा रिकामा गोल येईल. मी तुमच्या जागी असतो तर मुख्य नोंद साधी ‘चाळ’ ठेवली असती आणि फरक उच्चाराच्या रकान्यातच दाखवला असता, कारण नुक्ता घालून कुणी शोधत नाही.

ध्वनिलिपीत हा च म्हणजे टी आणि एस, वरून जोडणारी कमान. कमानीचा खण ०३६१, आणि ती दोन अक्षरांच्या मध्ये टाइप करायची: टी, कमान, एस. शेवटी टाकली तर ती एसवरून पुढच्या अक्षरावर जाते. टीएस चिकटवलेलं एक जुनं चिन्ह ०२ए६ वर मिळेल, ते आकर्षक दिसतं, पण अधिकृत ध्वनिलिपीत आता ते नाही. आणि फॉन्ट करणाऱ्या मुलाने ‘मी खास च काढून देतो, खासगी खणात ठेवतो’ असं सुचवलं तर हात जोडा. ई००० पासूनचे ते ६,४०० खण कुणाच्याही मालकीचे नाहीत. तुमच्या फॉन्टात तिथे च असेल, दुसऱ्याच्या फॉन्टात मासा असेल.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. ‘ॲप’सारख्या शब्दांतला ॲ ०९७२ वर एकसंध आहे. तो २००८ मध्ये आला. त्याआधीच्या सवयीने अ वर अर्धचंद्र चढवलेले किंवा ए वरचा ऍ वापरलेले शब्द तुमच्या फाइलीत असतील, ते बदलून घ्या. आणि अकारविल्हे लावताना नुसत्या नंबराने लावलंत तर ळ हा ल च्या पाठोपाठ येईल. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. एक्सेल काय करेल ते आधी दहा शब्दांवर बघा.

मला फाइल पाठवण्याआधी ‘दऱ्या, दुःख, चाळ, डोळा’ हे चार शब्द प्रत्येक मदतनिसाकडून त्याच्या त्याच्या फोनवर टाइप करून घ्या आणि एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, यूटीएफ-८ या युनिकोड जतन करायच्या पद्धतीत जतन करून तेवढेच पाठवा. कुणाचा ऱ कुठून येतोय ते त्यात दिसेल.